गोळी मिळते, तपासणी मिळत नाही

(आमगाव येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोणत्याही तालुक्याच्या गावी मेडिकलच्या दुकानात जाऊन गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट मागितले तर ते मुकाट्याने हाती पडते. डॉक्टरांची चिठ्ठी सहसा कोणी मागत नाही आणि किमतीचाही फारसा प्रश्न येत नाही. ही गोळी मूल नको असलेल्या स्त्रीसाठी तयार झाली. परंतु जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंद झालेल्या आणि स्त्री म्हणून जगू पाहणाऱ्या अनेक व्यक्ती देशभर हीच गोळी दिवसाला दोन, तीन, चार अशी घेत आल्या आहेत. शरीर मनाशी जुळावे एवढीच त्यांची इच्छा असते. गोळी चालू करण्यापूर्वी त्यांचा रक्तदाब कोणी मोजलेला नसतो आणि चालू केल्यानंतर रक्त कोणी तपासलेले नसते. गोळी मिळते, तपासणी मिळत नाही. आजच्या विषयाचे सार या एका विसंगतीत साठवलेले आहे.

प्रथम शब्दांचा खुलासा केलेला बरा. जन्मतः नोंदवलेल्या लिंगाहून ज्यांची स्वतःची ओळख निराळी असते त्यांना मराठीत आता पारलिंगी म्हटले जाते. बोलण्यात आणि सरकारी कागदांत तृतीयपंथी हा शब्द अधिक रूढ आहे. शरीरातील ग्रंथी जी रसायने रक्तात सोडतात ती संप्रेरके, म्हणजेच हार्मोन. पारलिंगी स्त्रीला इस्ट्रोजेन आणि पारलिंगी पुरुषाला टेस्टोस्टेरोन बाहेरून देऊन शरीराची ठेवण बदलणे, यास संप्रेरक-उपचार म्हणतात. येथे विचार आहे तो अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तींच्या उपचाराचा.

पक्षाच्या अभ्यासवर्गात हा विषय कशाला, असे ज्यांना वाटते त्यांनी र. धों. कर्वे यांचे स्मरण करावे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्यापायी नोकरी गेली, खटले झाले. १९३४ साली न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शरीराविषयीची शास्त्रीय माहिती अश्लील ठरत नाही आणि ती सामान्य माणसापासून लपवणे हेच खरे अनीतीचे कृत्य होय, अशी ती परंपरा आहे. त्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्याला या विषयाची लाज वाटण्याचे कारण नाही.

आता मूळ धोक्याकडे वळावे. बाजारातील गर्भनिरोधक गोळ्यांत बहुधा एथिनिल इस्ट्राडिओल नावाचे कृत्रिम इस्ट्रोजेन असते. ‘माला-डी’च्या एका गोळीत ते ०.०३ मिलिग्रॅम इतके असते. पाकिटातील २८ गोळ्यांपैकी २१ गोळ्यांतच हे औषध असते. उरलेल्या सात गोळ्या निव्वळ लोहाच्या असतात. हे न कळल्यामुळे कोणी त्या सात गोळ्यांवरही शरीरबदलाची आशा लावून बसतो. परंतु खरी हानी औषधाच्या गोळ्यांनी होते. हे कृत्रिम द्रव्य यकृतात सहज मोडत नाही आणि रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांची निर्मिती वाढवते. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर धडधाकट माणूस काही तासांत दगावू शकतो. आम्सटरडॅम येथील रुग्णालयाने १,३३१ पारलिंगी व्यक्तींची वर्षानुवर्षे पाहणी करून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एथिनिल इस्ट्राडिओल घेत असलेल्या पारलिंगी स्त्रियांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला. तज्ज्ञांनी हे द्रव्य या उपचारातून वगळले ते अशा अनुभवामुळे. गरिबाच्या वाट्याला मात्र अजून तेच येते, कारण चिठ्ठीवाचून तेच हाती लागते.

याचा अर्थ उपचारच घातक आहे असा कोणी काढू नये. शरीरात नैसर्गिकपणे तयार होणाऱ्या इस्ट्राडिओलची गोळी, त्वचेवर लावायचे जेल अथवा चिकटपट्टी यांचा धोका पुष्कळच कमी असतो. त्वचेवाटे दिलेले औषध तर यकृताला वळसा घालून रक्तात जाते, म्हणून वय अधिक असलेल्यांना किंवा गुठळीचा संभव असलेल्यांना तोच मार्ग पसंत केला जातो. पुरुषी संप्रेरकाचा जोर कमी करण्यासाठी जोडीला स्पायरोनोलॅक्टोन अथवा सायप्रोटेरोन देतात. पहिल्याने रक्तातील पोटॅशियम वाढू शकते व रक्तदाब उतरू शकतो. दुसऱ्याने यकृतावर ताण येऊ शकतो आणि मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास मेंदूच्या आवरणातील गाठीचा धोका वाढतो, असा इशारा युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० साली दिला. पारलिंगी पुरुषाला टेस्टोस्टेरोनची इंजेक्शने अथवा जेल देतात. त्याने रक्तातील लाल पेशी वाढतात आणि प्रमाणाबाहेर वाढल्या तर रक्त दाट होऊन तेथेही गुठळीची भीती उत्पन्न होते. यांपैकी प्रत्येक धोका साध्या तपासणीने वेळीच ओळखता येतो, आणि मात्रा कमी करून किंवा औषध बदलून टाळता येतो. सुरक्षितता औषधाच्या पाकिटात नसते. ती देखरेखीत असते.

ही देखरेख म्हणजे नेमके काय? उपचार सुरू करण्याआधी डॉक्टराने पूर्वेतिहास विचारावा: स्वतःला किंवा घरात कोणाला गुठळी झाली होती काय, पक्षाघात, हृदयविकार, कर्करोग, डोळ्यांपुढे चमक येऊन उठणारी अर्धशिशी, यकृताचा आजार आहे काय. वजन आणि रक्तदाब घ्यावा. रक्तातील लाल पेशी, साखर, चरबी, यकृत व मूत्रपिंड यांचे काम, पोटॅशियम, संप्रेरकांची मूळ पातळी तपासावी. कावीळ ब व क आणि एचआयव्ही यांची चाचणी संमतीने करावी. एचआयव्ही असला तरी संप्रेरक-उपचार नाकारण्याचे कारण नाही. दोन्ही औषधे एकमेकांशी जुळतात की नाही एवढे डॉक्टरांनी पाहावयाचे असते. क्षयरोगाच्या उपचारातील रिफाम्पिसिन हे औषध इस्ट्रोजेनचा प्रभाव उतरवते. ते माहीत नसलेला रुग्ण ‘गोळी लागत नाही’ म्हणून मात्रा वाढवीत जातो.

गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात या यादीत दोन गोष्टींची भर घातलीच पाहिजे. पहिली सिकलसेलची. पूर्व विदर्भातील दलित व आदिवासी समाजांत हा आनुवंशिक रक्तदोष मोठ्या प्रमाणावर आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती मुळातच अधिक असते. त्यावर इस्ट्रोजेनची भर पडली, विशेषतः गर्भनिरोधक गोळीतील इस्ट्रोजेनची, तर संकट दुणावते. म्हणून आमगाव, सालेकसा, देवरी या भागातील व्यक्तीची सिकलसेल तपासणी झाल्याखेरीज उपचार सुरू होऊ नये. वाहक आणि रुग्ण यांत फरक आहे, आणि रुग्ण ठरल्यानेही दार कायमचे बंद होत नाही. तज्ज्ञाच्या सल्ल्याने मार्ग निवडावा लागतो. दुसरी गोष्ट तंबाखूची. हा विडीचा आणि तेंदूपानाचा जिल्हा. धूम्रपानाने गुठळीचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, खर्ऱ्यातील तंबाखूही रक्तवाहिन्यांना निर्दोष नाही. विडी सोडण्यासाठी मदत करणे हा या उपचाराचाच एक भाग मानला पाहिजे. मात्र जो सोडू शकत नाही त्याला हाकलून देणे हा उपचार नव्हे.

औषध सुरू झाल्यावर पहिले वर्ष सर्वांत महत्त्वाचे. एंडोक्राइन सोसायटी या तज्ज्ञसंस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शनानुसार पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, त्यानंतर वर्षातून एकदोनदा तपासणी व्हावी. पारलिंगी स्त्रीची इस्ट्राडिओलची पातळी एक मिलिलिटर रक्तात १०० ते २०० पिकोग्रॅमच्या दरम्यान राखावी, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियम पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी पाहावे. पारलिंगी पुरुषाच्या रक्तात लाल पेशींचा हिस्सा ५४ टक्क्यांच्या वर गेला तर मात्रा कमी करावी अथवा थांबवावी लागते. येथे प्रयोगशाळेच्या कागदाचीही अडचण होते. ‘स्त्री’ या रकान्याखाली छापलेल्या मर्यादेने पाहिले तर टेस्टोस्टेरोन घेणाऱ्याचे निरोगी रक्तही सदोष दिसते. कागद वाचणाऱ्या डॉक्टराला उपचाराची माहिती असणे म्हणूनच आवश्यक असते.

दोन गोष्टी रुग्णाला आरंभीच समजावून सांगितल्या पाहिजेत. एक, शरीर घाई मानत नाही. इस्ट्रोजेनने स्तनांची वाढ तीन ते सहा महिन्यांनी सुरू होते आणि पूर्ण व्हायला दोनतीन वर्षे लागतात. चौपट गोळ्या घेतल्याने काळ कमी होत नाही, धोका तेवढा वाढतो. दुसरी, काही बदल परत फिरत नाहीत. टेस्टोस्टेरोनने जाड झालेला आवाज औषध थांबवल्यावरही तसाच राहतो, इस्ट्रोजेनने वाढलेले स्तन आपोआप नाहीसे होत नाहीत. प्रजननक्षमता घटते, ती परत येईलच याची हमी नसते. उलट टेस्टोस्टेरोन चालू असतानाही गर्भ राहू शकतो आणि त्या गर्भाला ते अपायकारक असते. हे सारे कळल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती. आणि एका पायाच्या पोटरीला सूज व वेदना, एकाएकी धाप, छातीत कळ, रक्ताची थुंकी, अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी, शरीराचा एखादा भाग लुळा पडणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि तेथे कोणते औषध चालू आहे ते न लपवता सांगावे.

आणखी एका वर्गाचा विचार सहसा कोणी करीत नाही. हिजडा समाजात परंपरेने निर्वाण झालेल्या, म्हणजे वृषणे काढलेल्या अनेक व्यक्ती आहेत. त्यांच्या शरीरात पुरुषी संप्रेरक जवळजवळ उरत नाही आणि इस्ट्रोजेनही मिळत नाही. अशा स्थितीत वर्षे गेली की हाडे ठिसूळ होतात. उतारवयात घसरून पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे हे त्यांच्या बाबतीत निव्वळ दैव नसते. टोळी, टाळी आणि रेल्वेचा डबा एवढ्यातच त्यांना पाहणाऱ्या समाजाला त्यांच्या हाडांची चौकशी करण्याचे सुचलेले नाही.

चळवळीला या प्रश्नाचा एक जुना धडा आहे. १९८५ साली आंध्र प्रदेशातील पाटणचेरू येथे नेट-एन या संप्रेरकाच्या इंजेक्शनची चाचणी ग्रामीण स्त्रियांवर होऊ घातली होती. परिणामांची पुरती कल्पना त्यांना दिलेली नव्हती. १९८६ साली स्त्रीशक्ती संघटना, सहेली, चिंगारी या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ज्या आरोग्यव्यवस्थेला रुग्णाची पुन्हा गाठ घेता येत नाही तिने संप्रेरक टोचून मोकळे होऊ नये, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. तो आजही खरा आहे. पण दोन्ही प्रसंगांतील भेदही ओळखला पाहिजे. तेथे सत्तेला स्त्रीच्या शरीरात औषध घालायचे होते आणि स्त्रीला त्याची माहिती नव्हती. येथे व्यक्ती स्वतः उपचार मागते आहे आणि सत्ता तिच्याकडे पाठ फिरवते आहे. म्हणून देखरेख नाही, सबब उपचार बंद, असा निष्कर्ष काढणे म्हणजे धड्याचा विपर्यास होईल. उपचार बंद केल्याने गोळी बंद होत नाही. ती दुकानात आहेच. बंद होते ती डॉक्टरकडे जाण्याची वाट. देखरेख नसेल तर देखरेख निर्माण करणे, हाच त्यातून निघणारा एकमेव न्याय्य निष्कर्ष.

ती निर्माण करण्याची जबाबदारी कोणाची, याविषयी संदिग्धता ठेवलेली नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यातील निकालात तृतीयपंथीयांना रुग्णालयांत योग्य वैद्यकीय सेवा देण्याचा आदेश केंद्र व राज्य सरकारांना दिला. संसदेने २०१९ साली केलेला कायदा १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. ओळखपत्राच्या तरतुदींवरून पारलिंगी समाजानेच त्यावर कठोर टीका केली आणि ती रास्त होती. परंतु त्याच कायद्याच्या कलम १५ ने संप्रेरक-उपचार, उपचारापूर्वीचे व नंतरचे समुपदेशन, वैद्यकीय अभ्यासक्रमाचा फेरविचार आणि विमा यांचा भार सरकारवर टाकला. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांचे विमाछत्र जाहीर झाले. विमा हवाच. पण विम्याचा ओढा स्वभावतः मोठ्या शस्त्रक्रियेकडे असतो. तीन महिन्यांनी एक नळी रक्त काढणे आणि कागद पाहून मात्रा बदलणे यात कोणाला नफा नाही. ज्यात नफा नाही ते काम सार्वजनिक व्यवस्थेनेच करावयाचे असते.

दानावर उभी केलेली सेवा किती क्षणभंगुर असते याचेही उदाहरण ताजे आहे. हैदराबाद, कल्याण आणि पुणे येथे पारलिंगी व्यक्तींसाठी ‘मित्र’ नावाचे दवाखाने अमेरिकी मदतीवर चालत होते. पहिला २०२१ मध्ये हैदराबादला उघडला. तेथे संप्रेरक-उपचाराचा सल्ला मिळे, काम करणाऱ्यांत पारलिंगी व्यक्तीही होत्या. २०२५ च्या आरंभी वॉशिंग्टनमध्ये परकीय मदत गोठवण्याचा हुकूम निघाला आणि तिन्ही दवाखान्यांना कुलूप लागले. रुग्णांचे रक्त काही त्या हुकुमाने बदलले नव्हते. त्यांच्या पुढील तपासणीची तारीख मात्र पुसली गेली. पुढे हैदराबादचे केंद्र एका भारतीय न्यासाच्या मदतीने निराळ्या नावाने उभे राहिले, हे चांगलेच झाले. पण एका दात्याच्या जागी दुसरा दाता आल्याने सेवा हक्क बनत नाही.

आता आमगावातून हा प्रश्न कसा दिसतो? मोठी रुग्णालये नागपूरला, दीडशे किलोमीटरच्या सुमारास. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत राबणाऱ्याला, राईस मिलमध्ये पोती उचलणाऱ्याला अथवा घरी विड्या वळणाऱ्याला नागपूरची एक खेप म्हणजे बुडालेली मजुरी, गाडीभाडे आणि मुक्काम. वर्षातून चार खेपा म्हणजे उपचार सोडून देणे. बीड जिल्ह्यातील पोलीस कर्मचारी ललित साळवे यांना लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा नाकारली गेली, २०१७ साली ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१८ मध्ये परवानगी मिळून मुंबईच्या सरकारी सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. शासनाने मनावर घेतले तर सरकारी रुग्णालय हे काम करू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु नियमित पगार असलेल्यालाही रजेसाठी एवढे झगडावे लागले. ज्याला रजा हा शब्दच लागू नाही त्या रोजंदाराचे काय?

उत्तर अवघड नाही. आरंभीचा निर्णय आणि मात्रेची निश्चिती तज्ज्ञाने करावी. पण रक्तदाब, वजन, लाल पेशी, साखर, यकृत, मूत्रपिंड, पोटॅशियम, सिकलसेल यांसाठी नागपूरची गरज नाही. ही सारी नेहमीचीच कामे आहेत. राज्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत करण्यात आले. २०१६ पासून गोंदियालाच सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तालुक्याला रक्त काढावे, संप्रेरकांच्या पातळीचा नमुना जिल्ह्याला जावा, अहवाल पाहून तज्ज्ञाने फोनवर सल्ला द्यावा आणि रुग्णाने वर्षातून एकदाच लांबचा प्रवास करावा. यासाठी नवी इमारत लागत नाही. लागतो तो एक आदेश, एक प्रशिक्षित वैद्यकीय अधिकारी, औषधांच्या यादीत इस्ट्राडिओल, आणि केसपेपर काढणाऱ्या खिडकीवर माणसाला त्याने सांगितलेल्या नावाने हाक मारण्याची सभ्यता. ही शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि तिच्याच अभावी लोक दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरतात.

एक आक्षेप पक्षातूनच येईल. ज्या जिल्ह्यात गरोदर स्त्रिया पंडुरोगाने खंगतात तेथे मूठभरांच्या या प्रश्नावर शक्ती का वेचावी? आक्षेपामागील तळमळ खरी आहे, हिशेब मात्र चुकीचा आहे. पंडुरोगी गरोदर स्त्री, सिकलसेलचे मूल, गर्भनिरोधक गोळी घेणारी विडी कामगार आणि पारलिंगी मजूर हे एकाच खिडकीपुढे उभे आहेत. त्यांचे रक्त एकाच यंत्रावर तपासले जाणार आहे. यंत्र बंद पडले, रसायन संपले, तंत्रज्ञाची जागा रिकामी राहिली, तर चौघेही रिकाम्या हाताने परततात. या चौघांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी ठरवणे सत्तेला सोयीचे असते. एका रांगेतले साथी म्हणून उभे करणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम.

त्या कामाचा आरंभ लहान गोष्टींनी होऊ शकतो. तालुक्यातील पारलिंगी व्यक्तींशी आधी ओळख करावी, त्यांची यादी मात्र करू नये. कोणाचे गुपित उघड करणे हा गुन्ह्याइतकाच मोठा विश्वासघात आहे. गर्भनिरोधक गोळ्या या उपचारासाठी नाहीत, ही माहिती त्यांच्यापर्यंत आणि मेडिकल दुकानदारांपर्यंत न हिणवता पोचवावी. गुठळीची लक्षणे आशाताईंना ठाऊक असावीत. ग्रामीण रुग्णालयात दर तीन महिन्यांच्या तपासणीची सोय व्हावी अशी लेखी मागणी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करावी आणि त्या निवेदनावर पहिली सही पारलिंगी व्यक्तीची, तिची इच्छा असेल तर, असावी. पहिल्यांदा तपासणीला जाताना सोबत हवी असेल तर एका कार्यकर्त्याने आपली दिवसाची मजुरी बुडवून जावे.

पुढच्या तिमाहीत आमगावच्या रुग्णालयात एका व्यक्तीचा रक्तदाब मोजला गेला, एक नळी रक्त घेतले गेले आणि अहवाल हाती देताना तिला तिच्या नावाने हाक मारली गेली, तर या अभ्यासवर्गाचे सार्थक झाले असे समजावे.